जनरल ग्रिम्सबी आणि हॉलची किल्ली

रणांगणावर जो हजर राहतो त्याच्या नावाचा दगड बसतो. जो हजर राहत नाही त्याचा पुतळा. या सिद्धांताचा चालताबोलता पुरावा म्हणजे सुप्रसिद्ध अमेरिकन सेनानी जनरल वॉल्टर ग्रिम्सबी.

पहिल्या लढाईच्या दिवशी त्यांची दाढ दुखत होती. पलटणीची दाणादाण उडाली, आणि चौकशीला धडधाकट असे तेवढेच उरल्यामुळे ते मेजर झाले. दुसऱ्या लढाईत ते रजेवर होते (अर्ज अत्यंत शिस्तबद्ध होता), कर्नल. तिसऱ्या वेळी विमानाने त्यांना भलत्याच देशात उतरवले. तो देश घाबरून शरण आला, जनरल! उभ्या कारकिर्दीत एक पराभव नाही. हल्ली ते नेतृत्वावर व्याख्याने देतात (व्हिडिओवरून).

न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनच्या एका दूधपावडर कंपनीने तो व्हिडिओ कर्मचाऱ्यांना दाखवला. बाकीच्यांनी बिस्किटे खाल्ली. पुरुषोत्तमने डोळे पुसले. गावच्या मराठी मंडळात इतकी वर्षे आपले काय चुकले, ते त्याला लख्ख कळले. तो दरवेळी हजर होता!

मंडळाची घटना सुटसुटीत आहे. मराठी वाचता येणारा प्रत्येक जण सभासद. अध्यक्षपद कुणालाच नको, म्हणून वार्षिक सभेला जो गैरहजर, तो एकमताने अध्यक्ष. परिणामी उपस्थिती एकशे तीन टक्के (वरचे तीन टक्के पुण्याहून आलेले सासूसासरे). मावळता अध्यक्ष मकरंद क्वीन्सटाउनला बर्फात घसरत असताना निवडून आला. फोन पाहिला आणि पुन्हा घसरला. स्वतःहून उभे राहायची सोय नाही. अशा माणसाचा काहीतरी डाव असणार, हे मंडळ जाणून आहे.

पुरुषोत्तम खुर्च्या लावी, माइक जोडी, फोटो काढी. दिवाळीचे फोटो पाहून नाशिकहून आई विचारी, "यात तू कुठेयस रे?"

"फोटो मी काढलाय, आई."

"आणि दिवा लावतोय तो?"

"मकरंद."

"मग त्याच्या आईला पाठव की!"

हे आईचे वाक्य वर्षभर त्याच्या घशात अडकून असे. यंदा सभेच्या रविवारी त्याने गाल धरला. "दाढ दुखतेय गं."

"अहो, काल रात्री चिक्की फोडत होतात कडाकडा!" इरावती म्हणाली, आणि गाडी घेऊन एकटीच गेली.

"बाबा, आर यू हायडिंग?" आरुषीने विचारले.

"नाही बेटा. ही स्ट्रॅटेजी आहे."

पडदे ओढून, चहाचे आधण ठेवून तो इतिहासाची वाट पाहू लागला. फोन वाजला.

"अहो, हॉलची किल्ली तुमच्या खिशात! सगळे डबे घेऊन पावसात उभेत."

"कुणाला तरी पाठव ना."

"कोण येईल? इथून जो हलेल त्याला गैरहजर धरतील!"

अशा प्रसंगी जनरलसाहेबांनी काय केले असते, याचा पुरुषोत्तमने खोल विचार केला. जनरलसाहेबांकडे कधी कुठली किल्लीच नव्हती. मोठेपणाचे एवढे मर्म व्हिडिओत राहून गेले होते.

लेकीच्या टोपलीवाल्या सायकलवरून तो भिजत पोचला. दार उघडले. हात सवयीचे, ते थेट खुर्च्यांकडे वळले. "आलास ना? झालं तर मग!" म्हणत मकरंदने त्याची हजेरी लावली, आणि स्वतःच पांढराफटक पडला. सगळेच हजर! म्हणजे जुनाच अध्यक्ष पुढे चालू. मकरंदने घटना काढली, घाम पुसला, पहिले कलम पुन्हा वाचले, आणि त्याचा चेहरा उजळला. मराठी वाचता येणारे एक माणूस अजून आलेलेच नव्हते.

आता हे वाचताय खरे, पण त्या रविवारी तुम्ही कुठे होतात?

ठराव एकमताने मंजूर झाला (पुरुषोत्तमचा हात सर्वांत शेवटी वर गेला). अभिनंदन, अध्यक्षमहाराज. दिवाळीला दिवा आपल्या हस्ते. आपण नुसते यायचे. खुर्च्या पुरुषोत्तम लावील, फोटोही तोच काढील. आपल्या आईचा नंबर तेवढा त्याला कळवा.