सेन्रोकु गुरुजींच्या गादीवर मी

"गुरुजी, इतका वेळ गुडघे दुमडून बसता, पायांना मुंग्या येत नाहीत का?"

एवढंच विचारायचं होतं. तेही गादीवर बसून विनोदी गोष्टी सांगणाऱ्या ओसाकातल्या कुठल्या सोम्यागोम्या कथेकऱ्याला नाही, साक्षात सेन्रोकु गुरुजींना, कार्यक्रमाआधी नाट्यगृहाच्या मागच्या दारात गाठून! चिसातो आणि कानोन, माझ्या दोन मैत्रिणी, म्हणाल्या की तुझ्याच्यानं होणार नाही, आणि पैजच लावली. गेल्या वर्षीपर्यंत त्यांचं खरं होतं. हजेरीला 'हजर' म्हणतानाही माझा आवाज पुढच्या बाकापर्यंत पोचायचा नाही. पण या वसंताच्या सुट्टीत मी केस कापले होते आणि यापुढे कुणालाही घाबरायचं नाही, असं ठरवलं होतं. गेले सरळ! नदीकाठच्या साकुराच्या पाकळ्या खांद्यावर तशाच.

दार उघडलं तोमिए काकूंनी. त्या पडद्याआड बसून तीन तारांचं शामिसेन वाजवतात. मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "आलीस एकदाची. नवीन मुलगी ना तू? चल, वेळ नाही."

'नाही' म्हणायला हवं होतं. पण नव्या आत्मविश्वासाची गंमत अशी, की त्याला फक्त 'हो' म्हणता येतं.

क्षणात माझ्या कमरेला ॲप्रन आणि डोक्यात सूचनांचा ढीग. एक कथेकरी उठला की जायचं, गादी उलटायची, स्टँडवरचा त्याच्या नावाचा कागद पलटून पुढच्याचं नाव दाखवायचं, गुपचूप परत यायचं. तू कुणाच्या नजरेत भरता कामा नये, काकूंनी बजावलं. वा! त्याचा तर मला जन्मापासूनचा अनुभव!

विंगेत गुडघे दुमडून बसले. शेजारी सेन्रोकु गुरुजी. घशाच्या ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी आज पहिल्यांदा लोकांसमोर येत होते. हातातला पंखा थरथरत होता. काकू माझ्या कानात पुटपुटल्या, की आज लोक हसले नाहीत तर पुन्हा गादीवर बसणार नाही, असं ते घरी सांगून आलेत. मैत्रिणींचा प्रश्न कुठल्या कुठे पळाला.

आधीचा कथेकरी काही उठायचं नाव घेईना. शेवटी टाळ्या झाल्या, काकूंनी तारा छेडल्या, मी उठले, आणि कळलं की कमरेखालचं काहीच माझं राहिलेलं नाही. दोन पावलं कशीबशी टाकली आणि गादीवर पालथी! गादीपुढचं छोटं मेज घसरगुंडी करत रंगमंचाच्या टोकाला गेलं. उठायला म्हणून नावाचा स्टँड धरला, तर त्याचेही पाय माझ्यासारखेच निघाले. आम्ही दोघं आडवे. गुरुजींच्या नावाचा कागद माझ्या अंगावर, पांघरुणासारखा.

सभागृह चिडीचूप. ओसाकाची माणसं एरवी फुकटचं हसू सोडतात होय! पण आजारातून उठलेल्या माणसाचा मान राखत सगळे श्वास धरून बसले होते. झालं, गुरुजींचं पुनरागमन मी बुडवलं!

तेवढ्यात गुरुजी आले. गादीशी थांबले, वाकून माझ्या अंगावरचा कागद नीट वाचला. मग घोगऱ्या आवाजात प्रेक्षकांना म्हणाले,

"सहा महिने आजारी मी. आणि आडवी पडलीय ही."

असा हशा उसळला, की छताची धूळ खाली आली असेल! गुरुजींनी हात देऊन मला उठवलं आणि हळूच विचारलं, "मुंग्या?" मी मान हलवली.

"मलाही येतात गं," आता ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "म्हणून तर गोष्ट लांबवतो. उठणार कसा?"

पुढची गोष्ट लोकांनी डोळे पुसत ऐकली. पंख्याची थरथर थांबली होती.

आता ओरडा बसणार म्हणून मी कोपऱ्यात उभी होते. गुरुजी घामाघूम होऊन आत आले आणि माझ्यापुढे कमरेत वाकले. "लोक माझी कीव करत बसले असते. वाचवलंस, पोरी." कुणी कुणाला वाचवलं होतं! त्यांनी तो हात दिला नसता तर मी शाळाच काय, शहरसुद्धा बदललं असतं. मी त्यांच्यापेक्षाही खाली वाकले.

खरी नवीन मुलगी तिकीट खिडकीशी सापडली. आपण कोण, हे सांगायचं धाडस न झाल्यानं बिचारी तिथंच उभी होती. तो चेहरा माझ्या चांगल्या ओळखीचा. हाताला धरून मीच तिला काकूंकडे नेलं. मैत्रिणींनी मात्र निकाल दिला, की प्रश्न गुरुजींनी विचारला, तेव्हा पैज तू हरलीस. मी आनंदानं दोघींना गाडीवरचे गरमागरम ताकोयाकी, ऑक्टोपसचे गोळे, खाऊ घातले.

रात्री घरी जेवताना मी चॉपस्टिक खाली ठेवल्या.

"आई, बाबा, मी ठरवलंय. शाळा संपली की मी सेन्रोकु गुरुजींची शिष्या होणार."

बाबांचा घास अडकला. आईनं विचारलं, गुरुजी हो म्हणाले का.

"त्यांना कुठं विचारलंय अजून? म्हटलं, आधी तुमच्यावर सराव करावा."