अमेरिकेतल्या स्थळाची चौकशी

"अप्पा, ते कॉलेज आहे हो. मुलगी नाही."

वसंता इतक्या जोरात ओरडला की पार्ल्यातल्या चार गल्ल्यांतले कावळे उडाले ते थेट अंधेरीला जाऊन बसले. मी अर्धी दाढी टाकून, साबण तोंडावर तसाच ठेवून शेजारी धावलो. पाहतो तर वसंता हातातला कागद नाचवत उभा आणि त्याचे काका, अप्पा टिपणीस, आरामखुर्चीत शांतपणे सुपारी कातरत बसलेले.

"वाचा हो तुम्हीच," कागद माझ्या हातात कोंबत वसंता म्हणाला. "ही नक्कल आहे, मूळ पत्र परवाच टपालात पडलंय. कॉलेजची जन्मवेळ विचारलीय यांनी."

"नुसती वेळ नाही, ठिकाणही विचारलंय," अप्पा म्हणाले. "वेळ आहे आणि ठिकाण नाही, तर पत्रिका मांडणार कशी?"

मी कागद वाचल्यासारखं केलं. वाचायची गरज नव्हती. ते पत्र इंग्रजीत करून मीच दिलं होतं, ऑफिसच्या टाइपरायटरवर, साहेब जेवायला गेलेला बघून.

अप्पांना मी नाही म्हणू शकत नाही. पार्ल्यात कुणीच म्हणू शकत नाही. 'चौकशी केली का?' हे त्यांचं पालुपद. तुम्ही छत्री घ्या, बिऱ्हाड बदला, अपेंडिक्स काढून घ्या, अप्पा विचारणार, "चौकशी केली का?" लग्नाच्या चौकशीत तर त्यांचा हात धरणारा माणूस दादर ते विरार सापडायचा नाही. मात्र स्थळाच्या घरी ते कधी जात नसत. "घरचे गोडच बोलणार. परटाला विचार, दूधवाल्याला विचार. घर कसं आहे ते मागच्या दाराने कळतं." या मागच्या दाराच्या ज्ञानावर त्यांनी पार्ल्यातली सतरा लग्नं मोडली. एक जमलं, पण त्या दिवशी अप्पांना ताप होता.

वर्सोव्याची कोळीण दारावर आली की पापलेट कुठल्या होडीतलं, जाळं कुणाचं, तांडेल कोण, असे प्रश्न सुरू. एकदा ती पाटी डोक्यावर परत ठेवत म्हणाली, "पापलेट खायाचाय का त्याला पोरगी देयाचीय?" अप्पांनी हेही वहीत टिपून ठेवलं.

स्वतःच्या लग्नासाठी त्यांनी अकरा वर्षं चौकशा केल्या. तेवढ्यात त्या मुलींची मुलं शाळेत जाऊ लागली. मग भाऊ आणि भावजय वर्षाच्या अंतराने गेले आणि सहा वर्षांचा वसंता अप्पांच्या पदरात आला. ही एकच गोष्ट त्यांनी चौकशी न करता घरात घेतली.

तो वसंता आता बी.कॉम. होऊन भांडुपला रंगाच्या कारखान्यात लागला होता. त्याच्या साहेबाने डोक्यात भरवलं, अमेरिकेत धंद्याचं एक मोठं नावाजलेलं कॉलेज आहे, तिथली दोन वर्षांची पदवी घे, तिशीच्या आत मॅनेजर होशील. वसंताने अर्ज टाकला. टाकला आणि विसरला. आणि अमेरिकेने उत्तर धाडलं की या, फी माफ. होय किंवा नाही, दोन महिन्यांत कळवा.

झालं. सगळी गल्ली बुचकळ्यात पडली. डॉक्टर होतात, बॅरिस्टर होतात, हे ठाऊक होतं. पण धंदा हा शिकायचा विषय आहे, हे नवीनच. कोपऱ्यावरच्या कांतिलाल वाण्याला मी विचारलं, तर त्याने तराजू खाली ठेवला. "दोन वरस दुकान बंद ठेवून धंदा शिकायचा?" तो म्हणाला. "मास्तर कोण? त्याचं दुकान कुठे हाय?" हा प्रश्न अप्पांना इतका पटला की त्यांनी तो वहीत लाल शाईने लिहिला. वसंताच्या इथल्या कॉलेजातले एक प्राध्यापक म्हणाले, हे नवं शास्त्र आहे, देशाला अशीच माणसं हवीत. कांतिलाल म्हणाला, देशाला साखर हवी. वसंताचा साहेब म्हणाला, जा. आमची ही म्हणाली, भात मिळतो का तिकडे ते आधी बघा.

अप्पांच्या वहीत डाव्या पानावर 'जावे' आणि उजव्या पानावर 'न जावे' अशी भरती सुरू झाली. पंधरा दिवसांत दोन्हीकडे बरोब्बर एकतीस मुद्दे झाले. अप्पांनी बत्तिसावा शोधायला घेतला आणि त्यासाठीच ते जन्मवेळेचं पत्र धाडलं.

वसंता एकदा मला जिन्यात गाठून म्हणाला, "मला जायचंय की नाही तेच कळेनासं झालंय. सकाळी जावंसं वाटतं, संध्याकाळी अप्पा एकटेच सुपारी कातरताना दिसले की वाटतं, मरू दे. ते नको म्हणाले ना, तर सुटेन मी."

आणि खरं सांगतो, अप्पा 'नको' म्हणणार याची अख्ख्या गल्लीला खात्री होती. ज्या माणसाला आजवर एक स्थळ पसंत पडलं नाही, त्याला सातासमुद्रापलीकडचं पडेल?

तीन आठवड्यांनी कॉलेजच्या मुख्याचं उत्तर आलं. बिचारा भला माणूस असावा. त्याने एकेका प्रश्नाला उत्तर दिलं होतं. स्थापनेची वेळ नोंदलेली नाही, पण त्या काळचे आमचे प्राध्यापक जेवणाआधी काही करत असल्याचं ऐकिवात नाही. ("म्हणजे दुपारनंतरचा जन्म," अप्पा म्हणाले.) घराण्यात वेड नाही, निदान अधिकृतपणे नाही. आणि परिसरातली दोन प्रतिष्ठित कुटुंबं विचारलीत, त्याऐवजी आमचा एक जुना विद्यार्थी तुमच्याच मुंबईत मोठ्या कंपनीचा मॅनेजर आहे, त्याचा पत्ता देतो. त्याला अवश्य भेटा.

भेटायचं? अप्पा? रविवारी सकाळी ते मला घेऊन मलबार हिलला त्या साहेबाच्या बंगल्यापाशी गेले, दरवाजावरची पितळी पाटी नीट वाचली आणि वळसा घालून मागे परटाच्या खोलीत शिरले.

परीट साताऱ्याकडचा निघाला. इस्त्री न थांबवता बोलत होता.

"सायेब लई चांगलं. शर्टं चौदा, आठवड्याला. कॉलर मळत नाय."

"दारू?" अप्पांनी वही उघडली.

"कपड्याला वास नाय येत."

"घरात कोण कोण?"

"मडम हाय. पोरगी हाय."

"आईवडील?"

परटाने इस्त्री उभी केली. "आय नाय. म्हातारा हाय की, गावाकडं. एकला असतो. चार वर्षांमागं आलंवतं हितं. एक धोतर धुतलं म्या त्यांचं. एकच. खादीचं, काठ फाटलेलं. सायबानं पाठवलं, म्हनलं जपून धू." तो पुन्हा इस्त्री करू लागला. "त्यानंतर धोतर आलं नाय कवा."

मी अप्पांकडे पाहिलं. पेन्सिल कागदावर टेकलेली होती, पण चालत नव्हती. ते काही लिहितील म्हणून मी थांबलो. परीटही थांबला. मग अप्पांनी वही मिटली, "बरं आहे," म्हणाले आणि चालू लागले. ज्या माणसाने कोंबड्याला आरवण्याचं कारण विचारलं असतं, त्याने पार्ल्याची गाडी कुठल्या फलाटावर लागते हेही विचारलं नाही. मी मनातल्या मनात वसंताचं सामान परत माळ्यावर टाकलं.

वसंता दारातच उभा होता. "काय निघालं?"

अप्पांनी टोपी खुंटीला लावली. "स्थळ चांगलं आहे," ते म्हणाले. "चौदा शर्ट, दारू नाही. जा तू."

एकतीस विरुद्ध एकतीसच्या लढाईचा निकाल असा टोपी काढता काढता लागेल हे वसंताला खरं वाटेना. "नक्की ना अप्पा?"

"आजवर मला एकच स्थळ पसंत पडलंय. आता फाटे फोडू नकोस. होकार लिही."

बोट सुटल्यावर आठवड्याने मी अप्पांकडे गेलो. ते पुढच्या खोलीत वसंताचे मागे राहिलेले सदरे घड्या घालून ट्रंकेत ठेवत होते. मला राहवेना.

"अप्पा, ते धोतराचं वसंताला सांगितलं नाहीत तुम्ही."

अप्पांनी एक घडी मोडली, पुन्हा घातली.

"परटाचं काय घेऊन बसलास, मधू," ते म्हणाले. "परीट काहीही सांगतात."