नानांचं अर्थिंग

भांग वाटताना विजेच्या खांबावरचे रबरी हातमोजे घालणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे घरमालक, नाना. रंगपंचमीच्या सकाळी ते गच्चीवर पाट्यासमोर मांडी घालायचे, कोपरापर्यंत येणारे ते काळे मोजे चढवायचे आणि वरवंट्याला हात लावण्याआधी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचे, "लाइन चालू होतेय! लांब ऱ्हा!"

नाना वीज कचेरीतून रिटायर झालेले. जन्म लोकांचे फ्यूज बांधण्यात गेला, त्यामुळं जगातली कुठलीही गोष्ट ते त्याच भाषेत सांगायचे. कुणी चिडलं की 'लोड वाढला'. कुणी वारलं की 'सप्लाय गेला'. नवराबायकोचं भांडण मिटलं की 'फेज जुळली'.

मी हिंगोलीकडचा. आठवीतून शाळा सुटली ती सुटलीच. नव्वदच्या दशकात नाशिकला आलो, अंबडच्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो आणि नानांच्या मागच्या खोलीत राहू लागलो. मला भीती वाटायला कारण लागत नाही. कुलूप लावलं की ओढून बघायचो, कोपऱ्यापर्यंत सायकल मारायचो, परत येऊन पुन्हा ओढायचो. सुपरवायझरनं नुसतं खाकरलं तरी वाटायचं, गेली नोकरी, आता गाडीत बसायचं आणि गावाकडं जायचं. नाना हे सगळं ओट्यावरून बघत असायचे.

"मराठवाडा," ते मला नावानं कधी हाक मारत नसत, "तुझ्या डोक्यात शॉर्ट सर्किट हाय. वर्षातून एकदा मेन स्विच पाडून पुन्हा चढवला पाहिजे."

मेन स्विच म्हणजे भांग. या विषयावर नाना कुणालाही, कधीही, उभ्या उभ्या व्याख्यान देत. "माणूस आजकाल लय सरळ चालतोय रे. घर, कंपनी, टीव्ही, झोप. एक दिवस बाजूला उभं राहून स्वतःला चालताना बघायला नको? घराला खिडकी लागते, डोक्याला नको?" दारूचा मात्र त्यांना मनस्वी राग. "दारू माणसाला आडवा करते. भांग माणसाला बसवते, आरशासमोर." पुढं विंचूरला वाइन पार्क होणार अशी बातमी आली तेव्हा नानांनी दोन दिवस पेपर हातातून सोडला नाही. "बघा! द्राक्षाच्या दारूला पार्क! आणि भांगेला साधा बाकडा नाय!"

समोर जोशी सर राहायचे. विज्ञान शिकवायचे आणि सगळी शाळा त्यांना टरकायची. ते म्हणाले, "नाना, हे मेंदूतलं रसायन बिघडवणं आहे."

"आणि सर, तुम्ही रोज वर्गात जो राग काढता, ते कुठलं रसायन? गुलकंद?"

त्याच रंगपंचमीला सरांनी नुसतं कुतूहल म्हणून अर्धा ग्लास घेतला. तासाभरानं गच्चीवर उठून उभे राहिले, "मला तिला भेटायचंय" म्हणाले आणि जिना उतरले. नाना मागे, मी नानांच्या मागे. सर सरळ आपल्या स्कूटरकडे गेले आणि हँडलला मिठी मारून रडायला लागले. "बाई गं, किती लाथा मारल्या तुला! रोज सकाळी! आणि तू तरी चालू होत राहिलीस!"

वरच्या गॅलरीतून जोशी वहिनींनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "स्कूटरचं झालं असेल तर वर या. माझंही बरंच थकलंय."

गल्ली आठवडाभर हसत होती. पण सर त्यानंतर किक मारण्याआधी सीटवरून हात फिरवायला लागले. घरातला त्यांचा आवाजही एक पट्टी खाली आला, असं वहिनींनीच सांगितलं. नानांनी मिशीवरून हात फिरवला. "रिपेअरिंग झालं."

त्यांचे नियम कडक होते. वर्षातून एकच दिवस. "रोज घेतली तर वायरिंग जळतं." ज्याचं काळीज कमजोर, त्याला नाही. घरून भांडून आलेल्याला नाही. आमच्या जुन्या नाशकात रंगपंचमीला रहाडी उघडतात, रंगाच्या पाण्यानं भरलेले दगडी हौद, आणि लोक त्यात धप्पा मारतात, म्हणजे वरून धाडकन उडी. नानांचा हुकूम असा, की आधी धप्पा, मग भांग. "उलटं केलं तर माणूस रहाडीतच संसार मांडतो." आणि सगळ्यात मोठा नियम, एकट्यानं कधीच नाही. एक जण कोरा राहून जवळ बसणार. त्याचं नाव अर्थिंग. "झटका आला तर तो जमिनीत जायला वाट पाहिजे. नायतर माणूस जळतो."

माझी पहिली पाळी आली तेव्हा मी घाबरत घाबरतच ग्लास संपवला. सुरुवातीला मजा वाटली. समोरच्या पत्र्यावर वाळत घातलेल्या मिरच्या माझ्याकडं बघून कुजबुजत होत्या. मग एकाएकी गच्ची सरकली. मला वाटलं, नाशिक माझ्या पायाखालून निघून चाललंय, आणि मी थेट आमच्या गावच्या पारावर जाऊन पडणार, आणि सगळे म्हणणार, आला बघा परत. मी नानांचं मनगट धरलं. "नाना, जमीन गेली!"

नाना हसले नाहीत. "थांब, बघून येतो." सरांना माझ्याजवळ बसवलं, जिना उतरले, खाली अंगणात दाणदाण पाय आपटले, ते मला वर ऐकू आलं, आणि धापा टाकत परत आले. "जमीन जागेवर आहे. मी बघून आलो."

थोड्या वेळानं मी पुन्हा विचारलं. ते पुन्हा गेले. त्या दुपारी तो म्हातारा किती जिने चढला उतरला देव जाणे. संध्याकाळी डोकं जागेवर आलं तेव्हा मला आतून धुतल्यासारखं वाटत होतं. ज्याला मी एवढा भीत होतो ते एकदा घडून गेलं होतं, आणि जमीन तिथंच होती. दुसऱ्या दिवशी कुलूप एकदाच ओढलं. भीती काही गेली नाही. पण तेव्हापासून कारखान्यात छातीत धडधडलं की मी मनात म्हणायचो, नाना बघून आलेत.

पुढच्या वर्षी भांडी मी घासली. सगळ्या ग्लासांना हिरवट साय चिकटलेली. नानांच्या पितळी पेल्याला नुसतं दूध. त्यांना विचारलं तर म्हणाले, "वाढप्यानं आधी जेवायचं नसतं," आणि मोजे वाळत घालायला गेले. वहिनींनी सांगितलं ते वेगळंच. काकू म्हणजे नानांची बायको, मी यायच्या आधीच वारलेली. "काकू होत्या तोवर घ्यायचे की. काकू शेजारी वाती वळत बसायच्या. हे मोठमोठ्यानं गाणी म्हणायचे. काकू गेल्या, आता त्यांच्याजवळ कोण बसणार?"

सगळी गल्ली नानांना भंगड म्हणायची, आणि त्या माणसानं काकू गेल्यापासून थेंब घेतला नव्हता.

माझं लग्न ठरलं तेव्हा सिडकोत दोन खोल्या बघितल्या. नानांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "मीटर वेगळं घे." पण संध्याकाळपर्यंत तीनदा विचारून गेले, सिडकोची बस कुठून सुटते म्हणून. ज्यानं सगळं नाशिक सायकलवर पालथं घातलं, त्यानं!

त्या घरातल्या माझ्या शेवटच्या रंगपंचमीला नाना मोजे चढवत असताना मी म्हणालो, "नाना, यंदा तुम्ही घ्या. अर्थिंग मी."

सर खो खो हसले. "हा? याला सावली दिसली तरी घाम फुटतो!"

नाना हसले नाहीत. म्हणाले, "अर्थिंगला घाबरटच पाहिजे, सर. बिनघोर माणूस झोपून जातो."

आणि त्यांनी घेतली. आधी गाणं म्हणाले, मग वीज कचेरीतल्या साहेबांची नक्कल केली, मग पत्र्यावरच्या मिरच्यांना रामराम घातला. दुपार कलली तशी शेजारची रिकामी जागा चाचपून बघितली आणि मग माझं मनगट धरलं. मला माझं काम माहीत होतं. मी म्हणालो, "नाना, जमीन जागेवर आहे. बघून येऊ?"

"जमिनीचं सोड रे," नाना म्हणाले. "तू जागेवर आहेस का, ते बघ."

मनगट त्यांनी इतकं घट्ट धरलं होतं, की मला उठता येईना. मी बसल्या बसल्याच गच्चीवर पाय आपटला.

"आहे, नाना," मी म्हणालो. "बघितलं."