मध्यंतराची शिट्टी

शिस्त बघायची असेल तर आमच्या शाळेचा बँड बघा, असं मी गावभर सांगत सुटलो होतो. मी खेळाचा शिक्षक, आणि बँड बसवलेलाही मीच. कुंभिवलीच्या मैदानावर तालुक्याच्या कबड्डीचा अंतिम सामना होता. आमचाच संघ खेळणार आणि मध्यंतरात आमचाच बँड वाजणार! दिवाळीपासून पोरं भर उन्हात घाम गाळत होती. नियम एकच. माझी शिट्टी वाजली की सुरू, परत वाजली की बंद. झोपेतसुद्धा चुकायची नाहीत!

सामन्याच्या दिवशी सगळं गाव लोटलं. बँड कडेला ताठ उभा. पंचांनी सामना सुरू करायला शिट्टी फुंकली...

आणि माझा बँड धडाडला!

पंचांनी चिडून पुन्हा शिट्टी फुंकली. बँड एका झटक्यात बंद! लोकांनी टाळ्या वाजवल्या. मलाही क्षणभर अभिमानच वाटला. पण तिसऱ्या शिट्टीला आमचा स्वप्नील चढाईला निघाला आणि पाठीमागे मोठा ढोल असा दणाणला, की तो 'कबड्डी' विसरून थेट रेषेबाहेर!

"अगं ऋतिका, थांब!" मी ढोलवालीवर ओरडलो.

"सर, तुमीच सांगितलंत ना, शिट्टी वाजली की वाजवायचं!"

आमच्या मुख्याध्यापिका विनिता मॅडम शांतपणे उठल्या. प्रथमोपचाराच्या पेटीतला कापूस काढून त्यांनी बँडच्या एकेका पोराच्या कानात कोंबला. सामना सुरळीत सुरू झाला. काय डोकं हो बाईंचं!

मध्यंतर झालं. मी छाती भरून शिट्टी फुंकली. कुणी हललं नाही. कापूस! मी हात हलवले. पोरांनीही हसून हात हलवले. मध्यंतर संपत आलं, सगळं गाव बघतंय, आणि माझा बँड मला टाटा करतोय!

तेवढ्यात ऋतिकाची आजी सोनुबाई पदर खोचून मैदानात शिरली आणि तिने नातीला कोपराने ढोसलं. "वाजव गं बाय! कवाची वाट बघताव आमी!"

ऋतिकाने ढोलावर टिपरू हाणलं. ते बघून ताशे उठले, बिगूल उठले. काय वाजवलं पोरांनी! पाय एका तालात, माना ताठ. माझे डोळे भरून आले.

डोळे पुसून मी बंदची शिट्टी फुंकली.

ऐकणार कोण? पुढे बिगूल घेतलेला ओमकार होता. समोर फाटक उघडं दिसलं, तो सरळ बाहेर पडला. मागोमाग बँड, त्यामागे सोनुबाई आणि तिच्यामागे अख्खं गाव! वरात निघाली हमरस्त्याने, चौक गावाच्या दिशेने. ट्रकवाले थांबले, ढाब्यावरची गिऱ्हाईकं हात न धुताच रस्त्यावर आली. मी धावत पुढे गेलो आणि दोन्ही हात वर करून "थांबा! थांबा!" म्हणून उड्या मारू लागलो. लोकांना वाटलं, सर नाचतायत. चार जण माझे हात धरून नाचायला लागले!

शेवटी ओमकारचाच दम संपला, तेव्हा बँड थांबला. त्याने कानातला कापूस काढला आणि विचारलं, "सर, बरं झालं ना?"

"फार बरं झालं," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

मैदानावर परतलो तेव्हा खुर्च्या रिकाम्या होत्या. स्वप्नील एकटाच करंडक मांडीवर घेऊन बसला होता.

"जिंकलो रे?"

"जिंकलो, सर."

"मग जल्लोष कोणी केला?"

"जल्लोष नाय झाला. पंच तेवढे ओरडत होते. तुमच्या नावाने."