बंदरावरील धुक्याची स्वारी व दोन गायनपथकांचा तह

श्रीसागर प्रसन्न. ज्याचे पोटी मासळी, ज्याचे पाठीवर होड्या आणि ज्याचे मर्जीवर किनाऱ्याचे कुंकू, त्या समुद्रास आधी दंडवत करून, मग श्रोते थोर-लहान बसले असतील त्यांस रामराम करून, घडले वर्तमान लिहितो. शके अठराशे त्रेपन्न, प्रजापतिनाम संवत्सर, श्रावणमास. विलायतेचे पश्चिम टोकास समुद्रात जमिनीची एक सोंड शिरली आहे, त्या सोंडेवर हे राज्य. राज्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. तेथील लोकांस कॉर्निश म्हणतात, इतके पुरे. जमीन खडकाळ, वारा उद्धट, भुईचे पोटात कथिलाच्या खाणी, आणि मनुष्ये एकाहून एक नामी. आपल्याकडे आडनावाचे शेवटी 'कर' लागतो, तैसे तेथे आरंभी 'ट्रे', 'पोल' अथवा 'पेन' लागते, आणि तेवढ्यावरून मनुष्य त्या मातीचा हे ओळखावे. त्याच मातीच्या एका पुरुषाने पूर्वी वाफेस जुंपून लोखंडी गाडी रुळांवरून धावविली. दुसऱ्याने खाणीतील दिव्यास तारेच्या जाळीचे चिलखत चढवून भुईखालच्या गरिबांचे प्राण राखिले. आणि एक कोळीण तर ऐसी जाहली की, मुलखाची जुनी भाषा चहूकडे बुडत असता ती मरेतों तीच भाषा बोलली आणि तीतच शिव्या देत राहिली, आणि लोकांनी तिचे नावे शिळा उभी केली. अशा नामांकितांची आठवण राहावी आणि हल्लीचे काळी जे कोणी निपजतील त्यांचाही मान व्हावा, म्हणोन त्या राज्यात भाटांची सभा आहे. दरसाल मोकळ्या माळावर निळे झगे घालून भाट वर्तुळ करून उभे राहतात, आणि ज्याने मुलखाची शोभा वाढविली त्यास आत बोलावून जुन्या भाषेत नवे नाव देतात. त्याहून थोर मान तेथे दुसरा नाही.

त्या साली सभेचा जासूद फटफटीवर बसोन एका लहानशा बंदरात दाखल जाहला आणि धक्क्यावर उभा राहून बोलला, "यंदा या गावास एक नाव मिळावयाचे. कोणास, ते गावानेच ठरवावे आणि भाद्रपदात सभेपुढे आणावे." इतके बोलून त्याने गावचा पाहुणचार घेतला, म्हणजे आपल्या करंजीच्या चौपट आकाराचे, आत मांस, बटाटा व कांदा भरलेले ते त्यांचे पक्वान्न दोन हातांत धरून खाल्ले, आणि धूर सोडीत निघून गेला. मागे गावात कलागत लागली. कारण गाव एक परंतु वस्त्या दोन. खाली बंदरावर कोळी, वर टेकडीवर खाणकरी. दोहोंचे गायनपथक निराळे, दोहोंचे सरदार निराळे. खालच्या पथकाच्या सरदार ट्रिफेनाबाई पोलग्लेझ. बाई अंगाने दुहेरी, हात तारली मासळी खारवून मिठाने रापलेले, स्वभाव तापट, परंतु गळा ऐसा की, बाईंनी दारात उभे राहून कोणास हाक मारिली तर पलीकडल्या खाडीतील बदकेही मान वर करीत. वरच्या पथकाचे सरदार हेडली ट्रेमबाथ, खाणीचे कप्तान. मिशा पांढऱ्या, बोलणे थोडके, आणि खर्ज ऐसा की जणू भुईतूनच येतो.

या दोघांत बारा वर्षे अबोला होता. कारण म्हणाल तर नाताळचे एक जुने पद. त्या पदात एका बाजूने ओळ उचलावी आणि दुसऱ्या बाजूने ती मागाहून झेलावी, ऐशी चाल आहे. पूर्वी दोन्ही पथके एकत्र गात असत, आणि उचलणारे कोण व झेलणारे कोण यावर दरसाल कुरकुर होई. एके नाताळी बाईंनी हात वर केला, त्याच क्षणी कप्तानांनीही केला, आणि दोन्ही पथके एकदम सुटली ती कोणी थांबेचना, आणि प्रार्थनामंदिरात ऐसा कल्लोळ जाहला की पाद्री कानांवर हात ठेवून बाहेर आला. तेव्हापासून तोंड पाहणे बंद. त्यात मागले साली कथिलाचा भाव पडून खाण बंद जाहली, आणि कप्तानांचा एकुलता एक लेक डेन्झिल, जवान गडी, तो घरी बसेना म्हणोन ट्रिफेनाबाईंचा नवरा पास्को याचे होडीवर चाकरीस राहिला. कप्तानांस ते फितुरीसारखे लागले. लेकाशीही बोलणे सोडिले. मग जासुदाचे निरोपावरून खालचे म्हणो लागले, आमच्या बाईंचे नाव जावे. वरचे म्हणो लागले, कप्तान असता बाई कोण. आणि गावात दुधवाला दोन्हीकडे दूध घालीत असे, तोही कोणाची बाजू न घेता वाटेत गुणगुणणे सोडून मुकाट चालो लागला.

ऐसे चालले असता एके दिवशी तारलीचे थवे दूर समुद्रात दिसले आणि पहाटेस सर्व होड्या बाहेर पडल्या. खालचे पथकातील पुरुष झाडून होड्यांवर. दोन प्रहर टळले आणि पश्चिमेकडून धुक्याने स्वारी केली. नौबत नाही, निशाण नाही. आले ते सरळ समोरचे बेट बुडवून, खडक गिळून, बंदराचे तोंडात शिरले आणि धक्क्यावरील मनुष्यास आपला हात दिसेना. बंदराचे तोंड अरुंद. पश्चिमेचे अंगास मगरीसारखा खडक पाण्यात दबा धरून, पूर्वेचे अंगास ढासळलेल्या जुन्या धक्क्याचे दगड. अशा समयी उपयोगी पडावा म्हणोन वाफेचा भोंगा होता, त्याची टाकी त्याच सप्ताहात फुटलेली. मग प्रार्थनामंदिराची घंटा बडविली, परंतु दोन्हीकडचे कडे तिचा नाद ऐसा परतवीत की चहूकडे घंटाच घंटा. बाहेर समुद्रात होड्यांची शिंगे वाजो लागली. एक शिंग खडकाचे अगदी जवळ वाजले, बायका ओरडल्या, मग ते दूर गेले. ट्रिफेनाबाई धक्क्यावर उभ्या होत्या. पास्कोचे शिंग त्यांनी ओळखिले. त्याची फुंक शेवटी नेहमी तुटे. त्यांचे ध्यानी आले की घंटेस एकच आवाज, तो डावा की उजवा हे कानास कळत नाही. परंतु पश्चिमेचे खडकावरून उंच स्वर आला आणि पूर्वेचे धक्क्यावरून खर्ज आला, तर मधली वाट आंधळाही ओळखील. उंच स्वरास बायका होत्या. खर्ज मात्र साराच टेकडीवर.

बाईंनी पदर नाही तेथे फडके खोचिले, म्हणजे मासळीच्या खवल्यांनी भरलेले कामाचे फडके कमरेस घट्ट केले आणि एकट्या चढण चढल्या. बारा वर्षांत त्या वाटेस त्यांचा पाय लागला नव्हता. कप्तान दारात उभे होते आणि भोवती त्यांचे बेकार खाणकरी.

कप्तान बोलले, "बाईंचे आमच्याकडे काय काम निघाले?"

"तुमचे खर्जवाले हवेत. भोंगा फुटला आहे आणि घंटेने होड्या अधिकच फसतात. तुम्ही पूर्वेचे धक्क्यावर उभे राहा, मी बायका घेऊन पश्चिमेचे खडकावर जाते. दोहोंचे मधून वाट आहे."

"कोणते पद?"

"तेच. दुसरे दोघांसही येईल ऐसे आहे कोणते?"

कप्तान हळू बोलले, "आणि उचलावयाचे कोणी?"

बाईंचे तोंडी बारा वर्षांचे उत्तर तयार होते, ते त्यांनी गिळिले. म्हणाल्या, "तुम्ही उचला. मी झेलते." आणि पुढे म्हणाल्या, "डेन्झिल पास्कोच्याच होडीवर आहे."

"ठाऊक आहे," कप्तान टोपी घेत बोलले. "रोज सकाळी त्या होडीचे शीड दिसेनासे होईतों मी येथेच उभा असतो."

मग काय विचारता. टेकडीवरून खाणकरी उतरले ते जणू किल्ल्यावरून शिबंदी उतरली. पूर्वेचा धक्का त्यांनी धरिला, पश्चिमेचा खडक बायकांनी धरिला, आणि मध्ये सारे पांढरे. मग धुक्याचे पलीकडून खर्ज उठला, आणि बाईंस वाटले की दगडच बोलतो आहे, आणि त्यांनी ओळ अंगावरून जाऊ दिली आणि नेमक्या जागी झेलून वर नेली. श्रावणात नाताळचे पद, परंतु हसावयास कोणास फुरसत नव्हती. तिकडून उचलावी, इकडून झेलावी, ऐसे चालले आणि पहिली होडी धुक्यातून सुसरीसारखी सरकत आत आली, मग दुसरी, आणि मग एकामागे एक येऊ लागल्या. आलेले कोळी सांगो लागले की, पास्को बंदराचे तोंडाबाहेर होडी उभी करून शिंग फुंकीत आहे आणि एकेकास म्हणतो, "डावीकडे माझी बायको, उजवीकडे या डेन्झिलचा बाप, मधून घाला." सर्व आत पाठविल्यावाचून आपण यावयाचे नाही, ऐसा त्याचा हट्ट.

सर्व आल्या आणि पास्को येईना. वारा फिरला होता. शिंगही थांबले. पद संपले, कप्तानांनी पुन्हा उचलिले. संपले, पुन्हा उचलिले. बायकांचे गळे बसले, एकेक गळाली, शेवटी बाई एकट्या गात होत्या आणि गालांवरून पाणी वाहत होते ते धुक्याचे की डोळ्यांचे, हे त्यांनी मागाहूनही कोणास सांगितले नाही. इतक्यात ओळ झेलून त्या श्वास घेतात तों समुद्राकडून, ना पूर्व ना पश्चिम, अगदी मधून, एक पुरुषी मधला सूर मिसळला, आणि तो शेवटी तुटला. मागोमाग दुसरा कोवळा खर्ज. बारा वर्षांत त्या पदास चार आवाज मिळाले नव्हते, ते त्या घडीस मिळाले. बाई ओळ सोडून हसल्या. मग होडी दिसली, सुकाणूवर पास्को आणि पुढील टोकास नाळेवर डेन्झिल, दोघेही तोंड आ करून गात.

होडी लागताच डेन्झिल धावत फिरून पूर्वेचे धक्क्यावर गेला आणि बापापुढे भिजलेला उभा राहिला. कप्तानांनी त्यास आपादमस्तक पाहिले आणि बोलले, "तिसऱ्या कडव्यात सूर चढा लावलास."

"धुके होते, बाबा."

"धुके सर्वांसच होते," कप्तान म्हणाले, आणि आपला कोट काढून त्यांनी लेकाचे अंगावर घातला आणि हात खांद्यावरून काढिलाच नाही. खडकावरून धावत आलेल्या बायकोस पास्को म्हणाला, "घरी काही खावयास आहे काय?" बाईंनी त्यास खवल्यांच्या फडक्यासकट मिठी मारिली आणि सारा धक्का पाहत राहिला. त्या दिवशी तारली आली होती रेलचेल, ती वर-खाली न पाहता सर्वांनी एका चुलीवर भाजिली.

भाद्रपदात अवघे गाव माळावर गेले. भाटांचे मुख्य विचारते जाहले, "नाव कोणास द्यावयाचे? एकाने आत यावे." बाई पुढे झाल्या, आणि झगे पाहून बिचकल्या, आणि मग म्हणाल्या, "महाराज, आमचे पद एकट्याने गाता येत नाही." कप्तानांनी मान डोलविली. मुख्यांनी इतर भाटांशी मसलत केली, आणि मग ऐसे जाहले की सारे गाव, कोळी आणि खाणकरी, मासळीचे वासाचे बूट घालून त्या पवित्र वर्तुळात शिरले, आणि भेटीस आणिलेली तारलीची एक बुट्टी भाटांचे झग्यावर कलंडली तरी कोणी रागे भरले नाही. सर्वांस मिळून एकच नाव दिले, 'लेव इन न्यूल', म्हणजे धुक्यातील आवाज. शेवटी सभेची चाल आहे त्याप्रमाणे मुख्यांनी तलवार अर्धी म्यानाबाहेर काढून तीन वेळा विचारिले, "शांतता आहे काय?" दोनदा सर्व बोलले, आहे. तिसऱ्यांदा कप्तान एकटे खर्जात बोलले, "आहे." त्यावर ट्रिफेनाबाईंनी उंच स्वरात जोड दिली, "नाताळापर्यंत तरी." तलवार म्यानात गेली आणि माळावर हशा उसळला, त्यात कप्तानांचा सर्वांत मोठा.

तात्पर्य, धुके हरले, होड्या तरल्या, बाप-लेक एक जाहले, आणि त्या राज्याचे नामांकितांत प्रथमच एक नाव अवघ्या गावाचे लागले. लिहिणारा त्या दिवशी माळावर मागे उभा होता. ऐकिले तैसे लिहिले. वाचणाराचा गळा सुरात राहो.