परीक्षेला बसलेले कांदे

आमच्या शेजारच्या सुशीलाक्कांकडे उसना कांदा मिळत नसे. कांदे नव्हते असं नाही. खिडकीत, कपाटावर, न्हाणीघराच्या कट्ट्यावर पाण्याचे पेले मांडलेले आणि प्रत्येकाच्या तोंडावर एकेक कांदा बसलेला. माझ्या बायकोनं एकदा हात घातला, तर अक्का शांतपणे म्हणाल्या, "त्यो नको नेऊस गं. परीक्षेला बसलाय त्यो."

सत्तरचं दशक सरत आलं होतं. अक्का बेळगावच्या टिळकवाडीत एकट्या राहत आणि कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. झाडपाल्यात कॅन्सरवर उपयोगी पडेल असं काही आहे का, याचा त्यांना ध्यास. कांद्याला मुळं फुटली की तो पाल्याच्या अर्कात ठेवायचा, आणि कॅन्सरच्या गाठीसारखी भराभर वाढणारी ती मुळं थांबतात का बघायचं.

त्यामुळे कुणाचंच कुंपण सुरक्षित नव्हतं. हिंडलग्याच्या एका लग्नात अक्का पंगत सोडून मांडवाचा पाला चुरगळून हुंगत होत्या. "आधी मूळ बघू या" हे त्यांचं पालुपद. माझ्या भाच्याला बघायला आलेल्या मंडळींसमोरही त्या हेच म्हणाल्या. मंडळींना वाटलं, बाई आपलं कूळ काढतात. चहा तसाच ठेवून मंडळी उठली.

एकदा सदाफुलीच्या अर्कात मुळं थांबली. सदाफुलीपासून कॅन्सरचं औषध निघतं हे जगाला आधीच ठाऊक होतं, तरी अक्कांनी गल्लीत पेढे वाटले. "माझी रीत बरोबर हाय, एवढं तर कळलं." बातमी निपाणीला पोचेपर्यंत वाढत गेली. बेळगावच्या बाई कॅन्सर थांबवतात, असं झालं.

आणि एका सकाळी निपाणीची शेवंता नवऱ्याला घेऊन दारात उभी राहिली. ती विड्या वळायची. नवऱ्याच्या गालात तंबाखूनं गाठ धरली होती.

"अक्का, त्ये पाणी द्या. पाया पडतो," शेवंता म्हणाली.

अक्कांनी तिला खाली बसवलं. "वाढणारं मूळ थांबलं, एवढंच मला म्हाईत. माणसाचं काय हुईल, न्हाय म्हाईत. मी देणार न्हाय."

शेवंता रडायला लागली. अक्का आत गेल्या. आता दाराला कडी घालणार, असं आमच्या दारातून बघताना मला वाटलं. त्या पायात चपला घालून, हातात पिशवी घेऊन बाहेर आल्या. "चला. मिरजेची गाडी गाठू."

तिथल्या इस्पितळात नवऱ्याच्या गालाचं ऑपरेशन झालं. शेवंताला कामावर परतावं लागलं, तेव्हा अक्का रजा टाकून त्याच्या खाटेपाशी राहिल्या. माणूस वाचला. बोलणं मात्र अस्पष्ट झालं.

पुढं अक्का दर रविवारी निपाणीला जात. पाला गोळा करायला जात असतील, अशी आमची समजूत. एका रविवारी माझंही निपाणीत काम निघालं, म्हणून दुपारी शेवंताच्या घरी डोकावलो. अक्का भिंतीकडे तोंड करून चटईवर गाढ झोपल्या होत्या. शेवंता विड्या वळत होती. नवरा उशाशी बसून पुठ्ठ्यानं त्यांना वारा घालत होता.

"बरं न्हाय काय त्यांना?" मी विचारलं.

"बऱ्या हाईत की," शेवंता हळू आवाजात म्हणाली. "हितं आल्या की अशाच झोपत्यात. घरात कुणी वावरत असलं की झोप लागती म्हणत्यात."

नवऱ्यानं ओठांवर बोट ठेवून मला गप्प बसायची खूण केली.