लेबलवरची माय

नंदा रिकाम्या खुर्चीसंगं बोलते. मीठ किती टाकाचं, माल कोणाले द्याचा, काही ठरवाचं असलं की म्हणते, "थांबा काका, मायले विचारून सांगते." मंग खुर्चीजवळ वाकते, कान देते, अन् येऊन सांगते, "माय नाई म्हणते." पहिल्यांदा पाह्यलं तेव्हा मले वाटलं, या पोरीले दवाखान्यात न्या लागते.

माही बायको गेली अन् आमची पडवी रिकामी पडली. ती मी नंदाले भाड्यानं देली. पवनारच्या भाजीच्या वाड्यांतली उरलेली गवार, वांगी फेकू न देता वाळवाची, सांडगे-कुरडया कराच्या, अन् गावच्या बायाइले काम द्याचं, असा तिचा धंदा. त्यासाठी नागपूरले ट्रेनिंगले गेलती. तिथल्या सरानं सांगतलं, माल सारेच विकतात, तुम्ही गोष्ट विका. अन् गोष्टीले चेहरा लागते.

मंग हिनं गोष्ट रचली. कोणी एक भागामाय, तिच्या हातची चव, तिनं शिकवलेलं वाळवण. वर्ध्याच्या पेंटरकडून म्हातारीचं चित्र काढून आणलं अन् पाकिटावर लावलं. भागामाय नावाची बाई जन्मालेच आली नव्हती.

"काका, याले ब्रँड म्हणतात."

"आमच्यात याले खोटं म्हणतात," मी म्हटलं.

"वस्तू नाई, गोष्ट विकाची असते काका!" हे तिचं दिवसभर चालू राहे.

पण गोष्टीले बसाले जागा पाह्यजे म्हणून तिनं पडवीत खुर्ची मांडली, अन् तिथून सारं बिघडलं. कामावरची आमची शेवंता, घरी सासूले उभ्यानं शिव्या घालते, ती त्या खुर्चीपुढे डोक्यावर पदर घेऊ लागली. समुद्रपूरची एक गिऱ्हाईक बाई पाकीट डोळ्याजवळ नेऊन म्हणे, "हे तं आमच्या माहेरची! लहानपणी इच्याच हातचं खाल्लं मी." एका दुपारी बाया बाजारात गेल्या होत्या. खुर्ची उन्हात होती. माहा डोळा लागला, उठलो तं खुर्ची सावलीत. सावली फिरली असन. मी असंच म्हणतो.

मंग नागपूरची एक दुकानवाली येतो म्हणाली. भागामायले भेटीन, मंगच ऑर्डर देईन. ऑर्डर गेली तं पडवीले कुलूप अन् बाया घरी, हे सर्वाइले मालूम होतं.

शेवंता म्हणे, "माह्या सासूले बसवू खुर्चीवर. फक्त तोंड उघडू द्याचं नाई."

"मायच्या जागेवर कोणी बसन नाई," नंदा म्हणाली. आवाज असा, की शेवंतानं पुन्हा सासूचं नाव काढलं नाई.

दुकानवाली आली, खुर्चीपुढे उभी राह्यली. "कुठे आहेत आजी?"

नंदानं खुर्चीकडे पाह्यलं. मंग म्हणाली, "माय गेली हो."

त्या बाईनं खुर्चीले हात जोडले, डोळे पुसले, अन् मागितल्यापेक्षा मोठी ऑर्डर देऊन गेली. मी मनात म्हटलं, वा रे पोरी, गोष्टीचा शेवटही विकला! मांगं वळून पाहतो तं नंदा जमिनीवर बसलेली, हंबरडा फोडून रडून राह्यली.

अन् शेवंतानं कुरडयाचा चीक झाकून ठेवला. "आता दहावा होईस्तोवर हात नाई लावाचा. सूतक आहे."

"अवो, ते लेबलवरची बाई आहे! लेबलचं सूतक धरता काय?"

"मंग? जिचं नाव सांगून खाल्लं, तिचं सूतक नको?"

चिकाले वास सुटला. नंदाले दोन शब्द सुनवावे म्हणून गेलो. ती भिंतीले टेकून बसली होती.

"काऊन रडतं वं? तुले तं मालूम होतं ना, ते कोणीच नव्हती?"

"काका, मी माय पाह्यलीच नाई. वसतिगृहात वाढली. पेंटरले माहाच फोटो देलता. म्हटलं, हेच तोंड म्हातारं कर."

मी पाकीट पाह्यलं. तिच्याकडे पाह्यलं. तेच नाक, तीच हनुवटी. इतके दिवस घरात होती अन् मले दिसलं नव्हतं.

दहाव्याले सारे धाम नदीच्या काठी गेलो. भाताचा गोळा ठेवला. कावळा फांदीवर येऊन बसला, खाली येईना.

"माय, ऑर्डर टायमावर देऊ," शेवंता म्हणाली. कावळा हलला नाई.

"लेबल बदलवणार नाई," दुसरी म्हणाली. कावळ्यानं पाठ फिरवली.

नंदा नुसती गोळ्याकडे पाहत उभी. ऊन चढून राह्यलं होतं. बायकोच्या वेळी मी इथंच उभा होतो, तेव्हा माह्या तोंडून शब्द फुटला नव्हता. आता कोणावर कोण जाणे, पण राग आला. मी पुढे झालो.

"अवो बाई, तुम्ही आहे का नाई, मले मालूम नाई. पण तुमची पोरगी माह्या घरी आहे. ती एकटी नाई. या आता, लेकरू उपाशी आहे."

कावळा सरळ खाली उतरला.